जुन्या माउंटन बाइकला नवे गिअर बसवताना

१९९०च्या दशकातली स्टीलची माउंटन बाइक कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या जिन्याखाली पडलेली असते. फ्रेम ठणठणीत असते, पण दाते झिजलेले असतात आणि गिअर टाकला की चेन भलत्याच चकतीवर चढते. अशी सायकल भंगारात देऊ नये, ती नक्की उभी राहते. फक्त आधी मनात भरलेला सुटा भाग आणायचा आणि तो कशाला बसेल ते मग शोधायचं, असं करू नका. सुरुवात मागच्या चाकापासून करा, कारण बाकीचं बरंचसं तेच ठरवतं.

चाक काढून चकत्या हातानं उलट्या फिरवा आणि मधल्या, पान्यासाठीच्या खाचांकडे लक्ष ठेवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट. जागच्या जागी राहिल्या तर ते आट्यांवर आवळलेलं फ्रीव्हील. आपल्याकडच्या स्वस्त गिअरच्या सायकलींत बहुधा हेच असतं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं. त्यामुळे ॲक्सलचं टोक आधाराशिवाय बाहेर राहतं आणि घाटातल्या दगडधोंड्यांवर ॲक्सल वाकतो, कधी तुटतोही. सायकल डोंगरात न्यायची असेल तर फ्रीव्हीलवर पैसे घालू नका, कॅसेटचं चाक घ्या. त्याआधी फ्रेममध्ये चाक बसतं त्या जागेची रुंदी मोजा. बहुतेक ठिकाणी ती १३५ मिमी भरेल, फार जुन्या फ्रेममध्ये १३० किंवा १२६.

शिमानोच्या नेहमीच्या हबवर ८, ९ आणि १० चकत्यांच्या कॅसेट बसतात. ७ची बसवायची तर मागे ४.५ मिमीची रिंग घालावी लागते. मात्र ७ गिअरचा जुना हब आखूड असतो, त्यावर ९ची पूर्ण कॅसेट मावत नाही.

खरी फसगत शिफ्टर आणि मागचा डिरेलर निवडताना होते. शिफ्टर एकदा टक् वाजला की ठरावीक लांबीची केबल ओढली जाते आणि डिरेलर ती ओढ आपल्या गुणोत्तरानं वाढवून चेन बाजूला सरकवतो. शिमानोचा ९ गिअरचा शिफ्टर दर खेपेला सुमारे अडीच मिमी केबल ओढतो. त्यांच्या ९ गिअरपर्यंतच्या डिरेलरचं गुणोत्तर साधारण १.७. म्हणजे चेन सव्वाचार मिमीच्या आसपास सरकते, आणि ९च्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर ४.३५ मिमी असतं. जुळलं. आता त्याच शिफ्टरला शिमानोचा १० गिअरचा माउंटन बाइकचा डिरेलर जोडा. त्याचं गुणोत्तर १.२च्या आसपास, त्यामुळे चेन जेमतेम ३ मिमी सरकते आणि खरखरत राहते. स्क्रू कितीही पिळले तरी हे जमणार नाही. उलट शिमानोचा ७ किंवा ८ गिअरचा जुना डिरेलर ९च्या शिफ्टरबरोबर बिनतक्रार चालतो, कारण गिअरची मोजणी शिफ्टरच करतो. स्रॅमचं गणित वेगळं असल्यानं त्यांचा शिफ्टर आणि डिरेलर बहुतेक वेळा जोडीनंच घ्यावा लागतो.

माझा कौल ९ गिअरला. भाग मिळतात, परवडतात, आणि पुढे नॅरो-वाइड दात्यांची एकच चकती लावली की पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर आणि केबल तिन्ही निघून जातात. ही चकती तीन चकत्यांच्या क्रँकवर मधल्या जागी लावावी, म्हणजे चेन सरळ रेषेत राहते. चढासाठी मागे ४२ दात्यांची चकती हवी असेल तर नव्वदीतला डिरेलर पुरणार नाही. मायक्रोशिफ्टच्या ॲडव्हेंट संचात ११-४२ची कॅसेट नेहमीच्या हबवर बसते. मात्र शिफ्टर आणि डिरेलरही त्याच संचातले घ्यावेत.

चेन कॅसेटच्या आकड्याचीच घ्या. सगळ्या चेनच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंचच असतं, पण बाहेरची रुंदी ८ला सुमारे ७.१ मिमी, ९ला ६.६ आणि १०ला ५.९. जुनी चेन फेकण्यापूर्वी तिच्यावर पट्टी धरा. एका पिनेच्या मध्यापासून मोजलं की चोविसाव्या अर्ध्या इंचाची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदला. आठवा भाग गेली असेल तर कॅसेटही गेली म्हणून समजा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढावर, ऐन जोर लावताना निसटते.

चेन सगळ्यात शेवटी कापावी. डिरेलरमधून न ओवता ती पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून घ्या, टोकं जुळवा, त्यावर एक इंच जास्त ठेवा आणि तिथं तोडा.