मुका झालेला स्टिरिओ

आमच्या जुन्या मोटारीतला, कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ एके दिवशी मुका झाला. ना दिवा, ना आवाज! दुकानदाराने हातही न लावता सांगितलं, "गेला हा. नवा बसवा." मुलीचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, आधी आपणच बघू.

पहिला संशय फ्यूजवर. आतली बारीक पट्टी वितळली, की वीज बंद. आमचा लाल, म्हणजे १० अँपिअरचा फ्यूज धडधाकट होता. (जळाला असता तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणारे महाभाग असतात; त्याने तारा पेटतात, बरं का!)

मग बॅटरीची ऋण तार सोडवली, स्टिरिओ बाहेर ओढला, तार परत जोडली आणि मल्टिमीटर घेतला. स्टिरिओला विजेच्या दोन तारा येतात. एकीत सदैव १२ व्होल्ट, स्टेशनं लक्षात ठेवायला. दुसरीत किल्ली फिरवल्यावर. दोन्ही ठीक! मग घोडं अडलं कुठं?

"बाबा, वीज परत कुठून जाते?" मुलीने विचारलं.

अगदी बरोबर! मोटारीत वीज बॅटरीकडे परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. काळी तार जिथे पत्र्याला स्क्रूने आवळली होती, तिथे गंज चढलेला. बॅटरी पुन्हा सोडवून पॉलिश पेपरने घासलं, स्क्रू आवळला, आणि स्टिरिओ खरखरला!

स्टेशनं मात्र सगळी पुसली गेली होती. ती शोधत मुलगी तासभर गाडीतच बसली.