काटकसरीचा ध्वनी

१८६५ साली थळ घाट चढून लोहमार्ग इगतपुरीस पोहोचला. आज त्या घाटातील बोगद्यांत मोबाइलची लहर क्षीण झाली की प्रवाशाच्या कानातील गायन खंडित होते, कारण तीवरून पुरेसा डेटा येत नाही; सीडीच्या दर्जाच्या असंक्षिप्त संगीतास तर दर सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट लागतात. हा भार हलका करण्यास एमपी३ने कानास न जाणवणारा तपशील मनुष्यनिर्मित नियमांबरहुकूम गाळला. परंतु गूगलचे साउंडस्ट्रीम (२०२१) आणि मेटाचे एन्कोडेक (२०२२) या ध्वनिसंक्षेपाच्या प्रणालींनी ही निवड न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांवर, सोपविली. एक जाळे ध्वनीस संक्षिप्त रूप देते, त्या रूपाशी निकटतम असा नमुना सारणीतून निवडून केवळ त्याचा क्रमांक नोंदला जातो, उरलेली तूट पुढील सारण्या क्रमाने भरतात, आणि दुसरे जाळे त्या क्रमांकांवरून ध्वनी पुनश्च उभा करते. एन्कोडेक अशा रीतीने स्टिरिओ संगीत दर सेकंदास २४ किलोबिटांत, किंबहुना त्याहूनही कमी जागेत, बसविते.

हे यश विलक्षण खरे. तथापि पुनर्निर्मित ध्वनी हा शिकलेल्या अनुभवावर बेतलेला अदमास असतो, आणि तंबोऱ्याची जवारी किंवा मींडेतील सूक्ष्म श्रुती अशा अदमासावर सोडणे मला धोक्याचे वाटते. प्रवासात ऐकण्यास ही पद्धत अवश्य स्वीकारावी. मात्र ज्यांच्या संग्रही जुनी ध्वनिमुद्रणे आहेत, त्यांनी मूळ प्रत असंक्षिप्त स्वरूपातच जतन करावी.