सुवर्णशोधात यंत्राइतकीच कॉइलची निवडही निर्णायक

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ मध्ये सोने सापडले आणि बॅलरॅट, बेंडिगो या परिसराकडे जगभरातून माणसांची रीघ लागली. त्या जुन्या सुवर्णक्षेत्रांत आजही अनेक शोधक धातुशोधक यंत्र घेऊन हिंडताना दिसतात. १९८० मध्ये किंगोवर या गावाजवळ अशाच यंत्राच्या साहाय्याने २७ किलोहून अधिक वजनाचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सुवर्णपिंड हाती लागला होता. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली आणि महागही झाली. मात्र हजारो डॉलर मोजून घेतलेल्या यंत्राला जमिनीतील सोने जाणवेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या दांड्याच्या टोकाला बसवलेल्या चकतीवर, म्हणजे कॉइलवर, ठरते.

कॉइलमधील तारेच्या वेटोळ्यांतून वीज वाहू लागली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते जमिनीतील धातूपर्यंत पोहोचले की धातूत सूक्ष्म वर्तुळाकार प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते आणि यंत्र त्याचे ध्वनीत रूपांतर करते. काही यंत्रे हे काम अखंड लहरींनी करतात. पल्स पद्धतीची यंत्रे विजेचे झटके देतात व प्रत्येक झटका थांबल्यावर येणारा प्रतिसाद टिपतात.

कॉइल जितकी मोठी तितकी ती खोल पाहते, हा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मोठ्या कॉइलचे क्षेत्र दूरवर जाते, पण ते विस्तृत भागात पसरलेले असल्याने कॉइलच्या निकट विरळ राहते. गव्हाच्या दाण्याएवढा सोन्याचा कण दोन-तीन इंचांवर असला तरी १८ इंची कॉइल त्यावरून मुकाट्याने पुढे जाऊ शकते. तोच कण आठ इंची कॉइलला स्पष्ट जाणवतो. उलट हाताच्या मुठीएवढा गोळा दीड-दोन फुटांवर असेल, तर लहान कॉइलचे काही चालत नाही.

शिवाय खोलीचे गणित मोठे कठोर आहे. कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच परत येणारा संकेत सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. क्षेत्र जातानाही क्षीण होते आणि येतानाही. त्यामुळे दुप्पट व्यासाची कॉइल घेतल्याने दुप्पट खोलीवरचे सोने मिळेल, ही अपेक्षा फोल ठरते. याच कारणाने कॉइल जमिनीपासून दोन इंच वर धरून फिरवणारा शोधक, महागडी कॉइल घेऊन मिळवलेला लाभ स्वतःच्याच हाताने घालवतो.

दुसरा प्रश्न मातीचा. सुवर्णक्षेत्रांची माती बहुधा लोहखनिजांनी भरलेली असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर कोकणातल्या जांभ्याच्या जातीची तांबडी, लोहयुक्त भूमी ठिकठिकाणी आहे. अशी माती आणि त्यातील काही दगड स्वतःच संकेत देतात, आणि त्या गोंगाटात सोन्याचा मंद आवाज हरवतो. मोठी कॉइल एका वेळी अधिक माती पाहते, म्हणून हा गोंगाटही अधिक गोळा करते. विजेच्या तारांजवळ तिचा त्रास आणखी वाढतो.

येथे कॉइलच्या अंतर्गत रचनेचा विचार करावा लागतो. पल्स यंत्रांसाठीच्या ‘मोनो’ कॉइलमध्ये एकच वेटोळे क्षेत्र पाठवते व प्रतिसादही टिपते. सौम्य मातीत खोलीसाठी तिचा हात धरणारी दुसरी नाही. मात्र तिचे क्षेत्र खाली शंकूसारखे निमुळते होत जाते, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चढवली नाही तर खोलवरचे पट्टे तपासावाचून राहतात. ‘डीडी’ कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर अंशतः चढवलेली असतात. ती थोडी खोली गमावते, पण खनिजयुक्त मातीत शांत राहते. पल्स पद्धतीच्या काही यंत्रांत लोखंडी तुकडे वगळण्याची सोयही डीडी जोडली तरच चालते.

बाह्य आकाराला त्या मानाने कमी महत्त्व आहे. लंबगोल कॉइल झुडपांत व खडकांच्या फटींत शिरते, गोल कॉइल मोकळ्या माळावर बरी. वजनाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. दिवसभर हात हलवायचा असतो, आणि थकलेला हात कॉइल उचलून धरू लागतो.

अखेरीस निर्णय त्या जागेच्या इतिहासावर येतो. व्हिक्टोरियातील बहुतेक प्रसिद्ध जागा गेल्या काही दशकांत वारंवार धुंडाळल्या गेल्या आहेत. सहज मिळणारे सोने तेथून गेले. उरले आहे ते एकतर फार बारीक किंवा फार खोल, आणि ही दोन्ही एकाच कॉइलने मिळत नाहीत. जेथे पूर्वी बारीक कण मिळाले तेथे लहान कॉइल नेऊन संथपणे जमीन तपासावी. जेथे मोठे गोळे निघाल्याची नोंद आहे आणि मातीचा थर जाड आहे, तेथेच मोठ्या कॉइलचा खर्च सार्थ होतो. दोहोंच्या मधली, साधारण ११ इंची कॉइल नवख्याला शिकण्यासाठी योग्य. पण तिच्याकडून दोन्ही टोकांची अपेक्षा नसावी.

खरेदीपूर्वी कॉइल आपल्या यंत्राशी जुळते का, हे पाहणे आवश्यक आहे. एका यंत्राची कॉइल दुसऱ्यास बसतेच असे नाही. अनेक शोधक शिशाचा छर्रा वापरून चाचणी घेतात, कारण त्याचा प्रतिसाद लहान सुवर्णकणाच्या जवळ जाणारा असतो. ही चाचणी हवेत नव्हे, तर जेथे शोध घ्यायचा त्या मातीवर व्हावी.

व्हिक्टोरियात या शोधासाठी ‘मायनर्स राइट’ हा दहा वर्षांचा परवाना लागतो आणि बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे. भारतातील स्थिती वेगळी आहे. २००१ मध्ये बंद पडलेल्या कोलारच्या खाणींतील सोने कठीण खडकातील शिरांत होते आणि तेथील चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तेथे हाती धरलेल्या कोणत्याही कॉइलचा उपयोग नाही. खनिजांच्या शोधासाठी १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवानगी आवश्यक असते. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.