एका आडनावाचा शोध

मुलांनो, बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. आकाशातील वीज आणि विद्युत एकच आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला.

त्यांचे वडील जोसाया मूळचे इंग्लंडमधील एक्टन गावचे. ते कापड रंगवण्याचे काम करीत. १६८३ च्या सुमारास ते बोस्टनला आले. तेथे रंगाऱ्याला पुरेसे काम नव्हते, म्हणून ते साबण आणि मेणबत्त्या बनवू लागले.

१७५८ साली फ्रँकलिन आपला मुलगा विल्यम याला घेऊन एक्टनला गेले. इंग्लंडमध्ये १५३८ सालच्या हुकमानुसार प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवली जाई. एक्टनला त्यांना १५५५ पासूनच्या नोंदी मिळाल्या. त्यांच्या पूर्वजांची तीस एकर जमीन होती आणि घराण्यात लोहारकाम चालत असे. हा धंदा नेहमी थोरल्या मुलाला शिकवीत. फ्रँकलिन मात्र पाच पिढ्यांपासून धाकट्या मुलाच्या शाखेतले निघाले!

आडनावाचा अर्थही मोठा मजेदार आहे. जुन्या काळी इंग्लंडमध्ये जो सरदार नाही, पण स्वतःच्या जमिनीचा स्वतंत्र मालक आहे, अशा माणसाला ‘फ्रँकलिन’ म्हणत. पुढे लोक आडनावे लावू लागले, तेव्हा लोहार ‘स्मिथ’ झाला, शिंपी ‘टेलर’ झाला आणि स्वतंत्र जमीनमालक ‘फ्रँकलिन’ झाला.

एक्टनच्या कबरींवरील अक्षरे शेवाळाने झाकली गेली होती. पीटर नावाच्या माणसाने ब्रश आणि पाणी घेऊन ते दगड घासले. मग विल्यमने अक्षरे उतरवून घेतली. हा पीटर फ्रँकलिन यांचा गुलाम होता. स्वतंत्र माणसाच्या नावावरचे शेवाळ अशा माणसाने काढले, जो स्वतः स्वतंत्र नव्हता.

पुढे फ्रँकलिन यांचे विचार बदलले. १७८७ साली ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. पण अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेतही गुलामांचे वय लिहिले, धन्याचे नाव लिहिले. गुलामांची नावे मात्र बहुधा लिहिलीच नाहीत. गुलामगिरी संपल्यावर १८७० साली ती लिहिली गेली. म्हणून त्यांच्या वंशजांना आजही त्यामागच्या पिढ्या शोधणे फार कठीण जाते.

नाव लिहून ठेवणे ही लहान गोष्ट वाटते. परंतु ज्याचे नाव लिहिले गेले नाही, त्याला शोधायचे कसे? तुमच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींना त्यांच्या आईवडिलांची, आजीआजोबांची नावे आणि गावे विचारा आणि वहीत लिहून ठेवा.