निवृत्तांचे आरोग्यछत्र

आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक गेल्या पावसाळ्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल झाले, तेव्हा पाच लाखांचा विमा हाताशी असताना आपल्याला खिशातून काही भरावे लागेल, अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नव्हती. घरी परतल्यावर मात्र ते हिशेबाचा कागद समोर ठेवून भिंगातून एक कलम पुन्हा पुन्हा वाचत बसले होते. खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. त्यांनी घेतलेली खोली १०,००० रुपयांची. चार दिवसांच्या भाड्यातले वीस हजार गेले, ते समजण्यासारखे होते. पण शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांच्या १,२०,००० रुपयांच्या आकारणीतूनही निम्मी रक्कम त्याच प्रमाणात वजा झाली, आणि एकंदर ८०,००० रुपयांचा भार त्यांच्या शिलकीवर पडला. ही लबाडी नव्हती. ‘प्रमाणशीर कपाती’ची शर्त दस्तऐवजात स्वच्छ छापलेली होती. ती वाचली गेली नव्हती, एवढेच.

उतारवयात विम्याची निवड करताना आपण रकमेचा आकडा पाहतो आणि शर्ती पाहत नाही, हेच आपल्या बहुतेक मनस्तापांचे मूळ आहे.

यात काळाचाही मोठा वाटा आहे. नोकरीत असेतोवर मालकाने काढलेल्या सामूहिक विम्याच्या सावलीत माणूस निर्धास्त असतो, आणि ज्या दिवशी हारतुरे स्वीकारून तो घरी येतो, त्याच सुमारास बहुधा ती सावलीही सरते. तेव्हा रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी सोबत घेऊन त्याला नव्या विम्याच्या दारात उभे राहावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने नव्या विम्यासाठीची वयाची अट काढून टाकली आहे, हे खरे; परंतु आधीपासून असलेल्या व्याधींसाठी कंपनीला छत्तीस महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाल ठेवता येतो, आणि मोतीबिंदू, हर्निया, सांधेरोपण यांसारख्या नेमक्या वार्धक्यातल्या उपचारांना सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते. म्हणून निवृत्तीपूर्वीच लेखी अर्ज करून सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात स्थलांतर करून घ्यावे, म्हणजे आधीच भोगलेला प्रतीक्षाकाल वाया जात नाही.

महाराष्ट्रातील निवृत्तांनी खाजगी विम्याकडे वळण्यापूर्वी सरकारी तजवीज आधी पाहावी. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे सर्व राज्यात पसरली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि दीड लाखाची तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख झाली आहे. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, आणि खाजगी विमा असला तरी हा हक्क जात नाही. केंद्रीय आरोग्य योजनेच्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते. ज्याचे घर मुंबई, पुणे वा नागपूर येथील केंद्रीय योजनेच्या दवाखान्याजवळ आहे, त्याने ती निवड घाईने करू नये. या सरकारी छत्रांची मर्यादाही ध्यानी असावी: ठरावीक उपचार आणि योजनेत नोंदलेली रुग्णालये, एवढ्यातच त्यांचा अंमल चालतो. तेव्हा आपल्या तालुक्यातले कोणते रुग्णालय यादीत आहे, हे तेथील आरोग्यमित्राला आजार येण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

यानंतरही खाजगी विमा घ्यावयाचा झाल्यास चार कलमे बोट ठेवून वाचावीत. पहिले खोलीभाड्याचे, ज्याची कथा वर सांगितली. दुसरे सहभागाचे: दाव्याचा वीस टक्के भाग रुग्णाने सोसावा अशी शर्त असेल, तर तीन लाखांच्या बिलात साठ हजार आपले, हे हप्ता स्वस्त दिसला तरी विसरू नये. तिसरे एकेका उपचारावरील मर्यादेचे. मोतीबिंदूसाठी ती बहुधा असतेच. चौथे प्रतीक्षाकालाचे. अर्जात आपली व्याधी लपविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सलग साठ महिने विमा चालल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, माहिती दडविल्याच्या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण तोवर ती एक लपविलेली गोष्ट सर्व हप्त्यांवर पाणी फिरवू शकते.

हप्त्याविषयी दोन समाधानाच्या गोष्टी आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के कर रद्द झाला. आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीने प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय केला पाहिजे, असे २०२५ च्या जानेवारीत ठरले आहे. सेवा असमाधानकारक वाटल्यास नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करून कंपनी बदलता येते; आणि दावा अन्यायाने नाकारला गेला, कंपनीकडे तक्रार करूनही दाद लागली नाही, तर मुंबई व पुणे येथील विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत, कोणतेही शुल्क न भरता, दाद मागता येते.

आमच्या शेजाऱ्यांनी आता आपल्या दस्तऐवजातील त्या चार कलमांखाली, वह्या तपासाव्यात तशा, तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत, आणि ती फाइल कपाटाच्या कोणत्या खणात आहे, हे पत्नीला व मुलीला सांगून ठेवले आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, ८०,००० रुपये गमावण्याची वाट न पाहता त्यांनी आज सायंकाळीच आपला, आणि आपल्या आईवडिलांचा, विम्याचा कागद कपाटातून बाहेर काढावा, आणि प्रकाशात बसून तो शेवटच्या कलमापर्यंत वाचावा.