शेवाळ उपटून शेवाळ जात नाही

अमेरिका-युरोपातल्या अनेक घरांत खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ सांभाळण्याचा छंद आहे. पांढरी वाळू, खडकांवर डोलणारे प्रवाळ, त्यांच्यात लपंडाव खेळणारे नारिंगी क्लाउनफिश. मग एके दिवशी वाळूवर तपकिरी साय धरते. ती ओसरते न ओसरते तोच खडकांवर हिरवे केस उगवतात. मालक टूथब्रश घेऊन ते घासून काढतो. आठ-दहा दिवसांत ते पुन्हा हजर! हळूहळू शेवाळ प्रवाळांवर चढते, त्यांचा उजेड अडवते आणि महागामोलाचे प्रवाळ एकेक करून मरू लागतात.

इथे बहुतेकांचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो. पण शेवाळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. ताप उतरवला म्हणून संसर्ग जात नाही, तसेच हे.

खरा दोष असतो पाण्यातल्या पोषकद्रव्यांच्या हिशेबात. माशांना टाकलेल्या खाद्याचा मोठा भाग विष्ठा आणि उष्टे होऊन पाण्यातच राहतो. त्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. फॉस्फेटही साठत जाते. प्रवाळभित्तींभोवतीच्या स्वच्छ समुद्रात ही द्रव्ये अत्यल्प असतात. चार काचांच्या आत मात्र रोज आवक होते आणि जावक होत नाही. शिल्लक राहिलेल्यावर शेवाळ पोसते.

यात एक चकवा आहे. टाकी शेवाळाने भरलेली असते, पण पाणी तपासले तर फॉस्फेट जवळजवळ शून्य! म्हणजे पाणी शुद्ध आहे असे नव्हे. शेवाळाने ते आधीच शोषून घेतलेले असते. म्हणून अनुभवी मंडळी चाचणीच्या आकड्याइतकाच डोळ्यांवर विश्वास ठेवतात.

उपाय साधे आहेत, पण सावकाशीचे. आधी आवक कमी करायची. मासे लगेच संपवतील एवढेच खाद्य टाकायचे. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असू शकतात; त्यातले सिलिकेट तपकिरी डायॅटमना खाद्य पुरवते. म्हणून गाळून शुद्ध केलेल्या पाण्यातच मीठ कालवायचे. मग जावक वाढवायची. ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलायचे, तळाचा गाळ नळीने ओढून घ्यायचा, सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर चालू ठेवायचे. शेवाळ उपटणेही व्यर्थ नाही. मात्र ते टाकीबाहेर गेले पाहिजे. प्रत्येक मुठीबरोबर त्यात साठलेली पोषकद्रव्येही जातात. टाकीतच सुटलेले तुकडे कुजतात किंवा पुन्हा रुजतात.

तिसरा भाग चरणाऱ्यांचा. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, सी अर्चिन आणि टँगसारखे मासे त्याला वाढूच देत नाहीत. त्यांचे मोल कॅरिबियन समुद्राने दाखवून दिले आहे. १९८३मध्ये पनामाजवळ लांब काट्यांचे काळे सी अर्चिन अज्ञात रोगाने मरू लागले आणि सुमारे वर्षभरात त्या समुद्रातले ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झाले. जमैकात अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच उरले नव्हते. १९८०च्या चक्रीवादळाने प्रवाळही मोडले होते. तिथले प्रवाळांचे आच्छादन १९७०च्या दशकाअखेरीस सुमारे ५२ टक्के होते, ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आले. शेवाळ मात्र ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले.

काट्याने काटा काढण्याचाही मार्ग आहे. मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात दिव्याखाली मुद्दाम शेवाळ वाढवतात आणि वेळोवेळी कापून फेकतात. पण हे शेवाळ समुद्रात किंवा गटारात जाता कामा नये. १९८४मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा लहानसा पट्टा आढळला. मत्स्यालयातून निसटलेले मानले जाणारे हे शेवाळ पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. २०००मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या एका खाडीत सापडले, तेव्हा ताडपत्रीखाली झाकून क्लोरीन सोडावे लागले. ते समूळ गेल्याची घोषणा व्हायला २००६ उजाडले.

घाईचा धोका दुसऱ्या टोकालाही आहे. पोषकद्रव्ये एकदम शून्यावर आणली तर प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेटचा चिकट थर माजू शकतो. तांबडा-जांभळा थर दिसला तर तो बहुधा शेवाळाचा नसून सायनोबॅक्टेरियांचा असतो. त्यावर प्रतिजैविके टाकली तर टाकी सांभाळणारे उपयुक्त जिवाणूही मरू शकतात.

खुद्द प्रवाळ तरी कोणाच्या जिवावर जगतात? त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालेच उजेडातून अन्न बनवून त्यांना पुरवतात. तेव्हा शेवाळ शत्रू नाही. शत्रू आहे अतिरेक.

भारतात खडक रचणारे प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे, विकणे गुन्हा आहे. आपल्याकडचे प्रवाळ पाहायचे तर मालवणच्या समुद्रातच पाहावेत. तिथे टूथब्रश घेऊन कोणी उतरणार नाही. तिथला हिशेब सांभाळायचा तर सांडपाणी रोखावे लागेल आणि शेवाळ चरणारे मासे पाण्यात राहू द्यावे लागतील.