छापील कागदावरची सही

आखाती देशात चार-पाच वर्षे राबलेला आपला माणूस बहिणीच्या लग्नासाठी थोडे सोने घेऊन मुंबई विमानतळावर उतरतो. पहिल्या टेबलावर पासपोर्ट पाहून तो कोण हे तपासतात. पुढे सीमाशुल्क अधिकारी त्याने काय आणले ते पाहतात. शुल्क लागणारी वस्तू असेल तर लाल मार्गाने जाऊन ती जाहीर करावी, हे त्याचे कर्तव्यच आहे.

पण सोने अडवले की अनेकदा एक छापील कागद पुढे येतो. ‘मला नोटीस नको, सुनावणी नको’ असा त्याचा अर्थ. थकला-भागलेला माणूस न वाचता सही करतो आणि आपला हक्क तिथेच सोडून येतो.

सीमाशुल्क कायदा, १९६२ काय सांगतो? कलम १२४ नुसार कारणे कळवून, बाजू ऐकून घेतल्याशिवाय माल सरकारजमा करता येत नाही. कलम १०२ नुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित सीमाशुल्क अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची मागणी करता येते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये छापील नमुन्यावर असा हक्क सोडून घेणे कायद्याला धरून नाही, असे स्पष्ट केले.

तेव्हा बांधवांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. अडवलेल्या मालाची पावती मागा. वस्तीतला कोणी परदेशी निघाला, तर निरोपाच्या हारासोबत त्याला ही दोन कलमेही सांगा.